अनुदानित घरांचा प्रकल्प तपासताय? मग या चुका टाळा

सवलतीच्या घरांच्या प्रकल्पांचे व्यवहार्यता अहवाल, म्हणजे प्रकल्प पैशांत बसेल का हे मांडणारे अहवाल, तपासणं हे माझं काम. संस्था बदलतात, आराखडे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांचा हिशोब किल्ल्या वाटण्याच्या दिवशी संपतो आणि तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबाचा खर्च नेमका त्याच दिवशी सुरू होतो. ज्यांच्याकडे चूक सोसायची ऐपत नाही त्यांच्यासाठी आपण हे आकडे मांडतोय, एवढं भान ठेवलं तरी पुढच्या बऱ्याच गोष्टी टळतील.

‘जागा तर फुकटच आहे’

अहवालात जागेच्या किमतीपुढे शून्य दिसलं की मी आधी तिथेच थांबते. असाच एका संस्थेचा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. जागा दान मिळालेली, इमारतींची चित्रं देखणी, दर घरामागचा खर्च इतका कमी की अनुदान देणारेही हरखले होते. माती परीक्षणाचा अहवाल मागितला तर उत्तर आलं, “आधी मंजुरी तर मिळू दे, मग करू.” मी भर पावसात जागेवर गेले. निम्म्या भूखंडावर पाणी साचलेलं. मी हट्टाने बोअर, म्हणजे माती तपासायची खोल भोकं, घ्यायला लावले, तेव्हा खाली ओली झाली की फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी माती निघाली. कठीण थर बराच खोल होता. म्हणजे साधा पाया चालणार नव्हता, पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घ्यावे लागणार होते. वर भराव, संरक्षक भिंत. जलवाहिनी लांबून आणायची. गटारवाहिनी जवळपास नाही, म्हणून सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प स्वतःचा, आणि त्याचं वीजबिल व माणसाचा पगार दर महिन्याला रहिवाशांच्या माथी.

हे सगळं मांडल्यावर जो आकडा आला, तो ‘महाग’ म्हणून आधी नाकारलेल्या वस्तीतल्या भूखंडाच्या किमतीच्याही वर गेला. तोवर अर्जदार कुटुंबांना घराची किंमत सांगून झाली होती. काहींनी त्या भरवशावर कर्जही काढलं होतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

म्हणून माझा शिरस्ता असा: जागेची किंमत आणि ती बांधण्यालायक करायचा खर्च मी एकाच ओळीत लिहिते, वेगळ्या पानावर जाऊ देत नाही. आर्किटेक्टला चित्र काढायला सांगण्याआधी बोअर घ्यायचे. जागा एकदा पावसात पाहायची आणि एकदा लोकांच्या कामावर जायच्या वेळी तिथून शहरात प्रवास करून पाहायचा. घराचा हप्ता कमी आणि येण्याजाण्यात पगार संपतोय, अशी घरं लोक सोडून जातात. चिलीतल्या इकीके शहरातला किंता मोनरोय प्रकल्प यासाठी मला फार मोलाचा वाटतो. २००४ साली पूर्ण झालेल्या या प्रकल्पात कुटुंबांना शहराबाहेर न हलवता त्याच मोक्याच्या, महाग जागेवर ठेवलं. उरलेल्या पैशांत पूर्ण घर बसत नव्हतं, म्हणून अर्धं घर पक्कं बांधून दिलं आणि उरलेलं वाढवायला जागा सोडली. जागेवर काटछाट न करता बांधकामाचा विचार बदलणं, ही उलटी वाट फार कमी जणांना सुचते.

लहान दिसणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

प्रतीक्षा यादी म्हणजे मागणी नव्हे; यादीतल्या किती जणांना कर्ज मिळेल आणि किती जण हप्ता भरू शकतील, ते तपासा.

खर्चाचा दर बांधीव क्षेत्रफळावर (सगळ्या बांधकामावर) आणि विक्रीचा दर चटईक्षेत्रावर (घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) मांडला, की जिना, लिफ्ट आणि मोकळ्या मार्गिकांचा खर्च हिशोबातून गळतो.

अनुदान पहिल्या दिवशी हातात येतं असं धरू नका. ते टप्प्याटप्प्याने येतं, ठेकेदाराचं बिल त्यासाठी थांबत नाही. घराचा खर्च १०० धरा, त्यातलं २० अनुदान दीड वर्ष उशिरा आलं आणि तेवढी रक्कम १२ टक्क्यांनी उचलावी लागली, तर ३.६ नुसत्या व्याजात जातात. नफाच नसलेल्या प्रकल्पात हे कुठून आणायचे?

आकस्मिक खर्चाची तरतूद कापून बेरीज जुळवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. अहवाल परत पाठवते.

देखभाल ‘नंतर बघू’

भाड्याच्या सवलतीच्या घरांत ही चूक सर्वांत घातक. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो वसाहत आठवा. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं, १९५४ पासून लोक राहायला आले. बांधकामाचा पैसा केंद्र सरकारचा, पण देखभाल मात्र रहिवाशांच्या भाड्यातून भागवायची होती. शहराची लोकसंख्या घटली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली, मग आणखी लोक निघून गेले. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली. ऱ्हासाची कारणं अनेक होती, पण पैशाची ही रचना पहिल्या दिवसापासूनच लंगडी होती.

नवशिके फक्त पहिल्या वर्षाचा जमाखर्च दाखवतात. भाडं १००, देखभाल आणि व्यवस्थापन ६०, कर्जाचा हप्ता ३२, शिल्लक ८. झालं, प्रकल्प व्यवहार्य! आता भाडं दरवर्षी २ टक्क्यांनी आणि खर्च ५ टक्क्यांनी वाढवून पाहा. सवलतीचं भाडं फार वाढवता येत नाही, सुरक्षारक्षकाचा पगार आणि लिफ्टची दुरुस्ती मात्र वाढतच जाते. आठव्या वर्षी भाडं सुमारे ११४.९, खर्च ८४.४, हातात उरतात ३०.४. हप्ता ३२ चा. यात एकही घर रिकामं धरलेलं नाही, एकाचंही भाडं थकलेलं नाही.

तयार तक्त्यात आकडे भरून संध्याकाळपर्यंत अहवाल देणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण तक्ता पाचव्या वर्षी संपतो. कर्ज जितक्या वर्षांचं, तितक्या वर्षांचा तक्ता हाताने मांडा. दुरुस्ती निधी पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. लिफ्ट, पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी बदलावं लागेल, ते वर्ष तक्त्यात लिहा. आणि ज्या वर्षी तूट दिसेल, त्या वर्षासमोर ती कोण भरणार त्या संस्थेचं नाव आणि तिचं लेखी हमीपत्र लावा. ते पत्र मिळत नसेल तर घरांची संख्या कमी करा, कर्ज कमी करा किंवा जास्त अनुदान मागा. पण त्याआधी एकाही कुटुंबाकडून अर्जाचे पैसे घेऊ नका.