सांगितल्यावर तिला काय ऐकावं लागलं, हे मोजायला निघालेल्यांसाठी

लैंगिक अत्याचाराबद्दल सांगणाऱ्या बाईला कसा प्रतिसाद मिळतो, हा विषय एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य) किंवा मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी घेणाऱ्याच्या हाती बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सारा उलमन यांची २००० सालची 'सोशल रिअॅक्शन्स क्वेश्चनेअर' (सामाजिक प्रतिसादांची प्रश्नावली) येते. सांगितल्यावर समोरच्यांनी काय केलं, हे ती ४८ विधानांतून विचारते. प्रत्येक विधानाला ० (कधीच नाही) ते ४ (नेहमी) असे गुण. गट सात: भावनिक आधार व विश्वास, प्रत्यक्ष मदत व माहिती, दोष देणं, वेगळं वागवणं, निर्णय आपल्या हाती घेणं, विषय टाळायला लावणं आणि स्वतःचाच राग किंवा दुःख पुढे करणं. २०१७ मध्ये १६ विधानांची छोटी आवृत्तीही आली.

गुण देताना प्रत्येक गटाची सरासरी काढा, बेरीज नको. दोष देण्याच्या गटात तीनच विधानं आहेत, भावनिक आधारात पंधरा. बेरजा शेजारी ठेवल्या तर तुलना फसते. चांगल्या प्रतिसादांच्या गुणांतून वाईटांचे वजा करून एकच आकडा तर काढूच नका. एकच आई लेकीला छातीशी धरते आणि त्याच रात्री 'कुणाला सांगू नको' म्हणते. दोन्ही नोंदी हव्यात, कारण वाईट प्रतिसादांचा आघातोत्तर ताणाशी (प्रसंगानंतर मागे उरणाऱ्या मानसिक त्रासाशी) संबंध अभ्यासांत सातत्याने दिसतो, चांगल्यांचा तितका ठळक दिसत नाही.

नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक शून्यात असते. जिने कुणालाच सांगितलं नाही, तिची ही प्रश्नावली भरून घेऊच नका. तिथे शून्य टाकलं की 'तिला कुणी दोष दिला नाही' असं खोटं चित्र उभं राहतं. म्हणून आधी विचारा: कुणाला सांगितलं, किती जणांना, केव्हा. जमेल तर आई, नवरा, पोलीस, डॉक्टर यांच्यासाठी वेगवेगळी नोंद घ्या.

भाषांतरासाठी लेखिकेची परवानगी घ्या. पुस्तकी मराठी खानदेशात शिरपूर-साक्रीकडे अहिराणी बोलणाऱ्या बाईला परकी वाटते, आणि धडगाव-अक्कलकुव्यात भिली किंवा पावरी लागेल. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यावं, मग काही बायकांना विधान ऐकवून 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारावं. 'तू तठे कसाले गयी व्हती?' (तू तिथे कशाला गेली होतीस?) हा काळजीचा प्रश्न की ठपका, हे लिहून ठेवलेल्या वाक्यावरून कळत नाही. ते ऐकणारीच ठरवणार. तसंच, दवाखान्यात जायचं की नाही हे सासऱ्यांनी ठरवणं मूळ प्रश्नावलीत वाईट प्रतिसादांत मोडतं. एकत्र कुटुंबात एखादीला तो आधारही वाटू शकतो. म्हणून त्या विधानांपुढे 'तेव्हा कसं वाटलं?' हा जादा प्रश्न ठेवा, पण त्याचे गुण मूळ गुणांत मिसळू नका.

आता सुरक्षितता, इथे तडजोड नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. एका घरातून एकच बाई. गावात सर्वेक्षणाचं नाव 'बायकांचं आरोग्य' एवढंच सांगा, मात्र खरा विषय तिला एकटीला गाठून संमतीआधी स्पष्ट करा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी भेटत नाही, आणि संध्याकाळी घर भरलेलं असतं. जागा आणि वेळ तिलाच ठरवू द्या. कुणी आत आलं तर विचारायला हिमोग्लोबिन, पाणी, गॅस असे चार प्रश्न तयार असू द्यात. फॉर्मवर नाव नको आणि प्रत घरात ठेवू नका. पहिल्या प्रबंधासाठी १८ वर्षांवरच्याच बायका घ्या: पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणं बंधनकारक आहे, आणि गुप्ततेचं वचन तिथे पाळता येत नाही. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे क्रमांक तोंडी द्या. चिठ्ठी हवी का, हे विचारूनच द्या.