मोजलं नसेल तर लिहू नका : केसपेपरवरच्या या चुका टाळा

नवीन सिस्टर ड्युटीवर आली की मी आधी तिचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा कागद बघते. श्वासाच्या रकान्यात सगळ्या पेशंटपुढे 20 दिसलं, की समजायचं, एकाचाही श्वास मोजलेला नाही.

तालुक्याच्या एका दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. आठ महिन्यांचं बाळ, ताप आणि खोकला. चार्टवर रात्री 10 ला 32, 2 ला 32, सकाळी 6 ला 32. चार्ज घेताना झबलं वर केलं, तर दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. घड्याळ धरून मोजलं : 64. या वयात 50 किंवा त्याच्या वर गेलं की धोका. ऑक्सिजन लावून बाळाला जिल्ह्याला पाठवलं. वाचलं, पण आख्खी रात्र हातची गेली होती. रात्रीची सिस्टर रडायलाच लागली. एकटीवर चाळीस पेशंट, तिची अडचण खरीच होती. तरी तिला म्हटलं, “अगं, रकाना कोरा ठेवायचास ना! कोरा दिसला असता तर डॉक्टरांनी राऊंडला बाळ उघडून बघितलं असतं. 32 बघून ते पुढच्या खाटेकडे गेले.”

मी श्वास सगळ्यात आधी मोजते, थर्मामीटर लावायच्याही आधी, कारण मूल रडलं की मोजणं संपलं. पूर्ण 60 सेकंद मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मला अजिबात मान्य नाही. बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, आणि एक चुकला की चार चुकतात.

दुसरा माझा राग सगळ्यांच्या बीपीपुढे लिहिलेल्या 120/80 वर. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात. मग शेवटी 2, 4, 6, 8 का येत नाहीत? 138/88 चं 140/90 केलंत, तर त्या माणसाच्या केसपेपरवर बीपीचा आजार चढतो. पेशंटला आधी पाच मिनिटं बसवा, बोलू देऊ नका. ओपीडीची रांग लांब आहे म्हणून हे टाळणाऱ्यांशी मी रोज भांडते.

प्रसूतिगृहात तेच. 2,460 ग्रॅमच्या बाळापुढे “अडीच किलो” लिहिलं, की ते कमी वजनाच्या यादीतून गळलं.

टीबीच्या पेशंटला वजन विचारून लिहू नका, काट्यावर उभं करा. 49 चे 50 किलो झाले की रोजच्या तीन गोळ्यांच्या चार होतात.

तपासणी झाली नसेल तर कॉम्प्युटरमध्ये शून्य टाकू नका.

तळहातावर लिहून नंतर उतरवायचं नाही. हात धुतला की आकडा गेला, मग आठवून लिहिता. चार्ट खाटेपाशी न्या.

चुकलं तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि वेळ.