धुक्यात आधी जवळचं झाड शोधा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर धुकं उतरलं की आपण अख्खा तलाव फ्रेममध्ये घ्यायला जातो आणि हाती नुसता करडा पडदा येतो. त्यापेक्षा काठावरची एखादी काळीभोर, वाकडी फांदी जवळ घ्या. तिच्या टोकाला थेंब लोंबत असतील तर सोन्याहून पिवळं! मागची झाडं एकामागे एक फिकट होत जातात, खोली तिथूनच येते. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर पांढऱ्या धुक्याला फसतं आणि फोटो काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा. ऑटोफोकस भरकटला तर फांदीच्या कडेवर धरा. उजाडण्याआधीच पोचा, ऊन चढलं की धुकं भराभर विरतं. लेन्सवर दव बसतंच, मायक्रोफायबरचं कापड खिशात असू द्या.