अपरिचित कलावंत सुचवताना या चुका टाळा

आपल्याला आवडलेला, पण फारसा कोणाला ठाऊक नसलेला कलावंत दुसऱ्यानेही ऐकावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ऐकवण्याच्या नादात माणसे समोरच्याला त्या कलावंतापासून कायमचे तोडतात. हे मी सोलापुरात अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि त्यातली सर्वांत मोठी चूक मी स्वतःच केलेली आहे.

ती चूक म्हणजे गाण्याआधीचे व्याख्यान. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत जुळे सोलापुरात मेहुण्याकडे जेवायला गेलो असता मला धोंडूताई कुलकर्णी यांचे गाणे ऐकवण्याची सुरसुरी आली. आधी जयपूर-अत्रौली घराणे, मग अल्लादिया खाँ, त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडची तालीम आणि पुढे केसरबाई केरकरांचे शिष्यत्व, असे सगळे सांगून झाल्यावर संथ लयीतला विलंबित ख्याल सुरू झाला. तोवर पाने वाढली गेली होती. कडक भाकरी मोडल्याचा आवाजही मला सहन होईना, तेव्हा मी मुलांना दटावले. बऱ्याच वेळाने मेहुणा अदबीने म्हणाला, “दाजी, बाई छानच गातायत, पण आमटी गार होतीये.” त्या घरात आजही धोंडूताईंचे नाव काढले की गार आमटीच आठवते, आणि यात त्या थोर गायिकेचा काडीचाही दोष नाही.

तेव्हापासून मी फक्त नाव सांगतो आणि पहिल्यांदा छोटेच ध्वनिमुद्रण लावतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटे मिळत, आणि त्यात गवय्ये अख्खा राग उभा करीत. १९७७ मध्ये व्हॉयजर यानाबरोबर अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवीसुद्धा साधारण साडेतीन मिनिटांचीच आहे. परग्रहवासीयांना जी सवलत मिळाली, ती मेहुण्याला मिळायला हरकत नव्हती. छोटे म्हणजे तुकडा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. सर्वांत वेगवान तान तेवढी कापून पाठवण्याची जी पद्धत हल्ली पडली आहे, तिच्यामुळे ऐकणाऱ्याला कसरत कळते, गाणे कळत नाही.

“ऐकताना डोळ्यांत पाणी येईल” असे आधीच बजावू नये. दुसऱ्या दिवशी “ऐकले का?” असे विचारू नये. समोरच्याच्या आवडीच्या गायकाला नावे ठेवून आपला गायक पुढे करणे हा तर शुद्ध अडाणीपणा आहे. मागच्या आठवड्यात एखादे नाव प्रथम ऐकून या आठवड्यात पन्नास गाण्यांची यादी वाटत सुटणाऱ्या उतावळ्यांना माझे सांगणे एवढेच, की त्यातली निदान दहा तरी आधी स्वतः पुरती ऐकावीत.

माझी सवय म्हणाल तर गाडीत काही न बोलता लावून ठेवणे. मध्यंतरी एका सहकाऱ्याबरोबर अक्कलकोटला जाताना मी सिद्राम जाधव यांचे वादन हळू आवाजात लावले होते. बरेच अंतर गेल्यावर गप्पा थांबवून त्याने विचारले, “सर, ही सनई इतकी बारीक कशी काय वाजते?” मी म्हणालो, “सनई नाही, सुंदरी आहे. आकाराने सनईपेक्षा लहान. वाजवणारे आपल्या सोलापूरचेच.” त्यावर तो काही बोलला नाही, फक्त हात पुढे करून त्याने आवाज थोडा वाढवला.