झूम करता येणारं मोठं चित्र वेबसाठी कसं तयार करावं

चित्राची लांब बाजू चार हजार पिक्सेलच्या आत असेल तर पुढचं वाचू नका. साधा जेपेग चढवा आणि मोकळे व्हा. माझ्याकडे येतात ते बहुतेक करून स्कॅन केलेले नकाशे, साधारण २०,००० गुणिले १५,००० पिक्सेलचे. देणाऱ्याची अट ठरलेली असते: बारीकातलं बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे आणि पान फोनवर लगेच उघडलं पाहिजे.

एवढ्या चित्राचा जेपेग कितीही दाबून लहान केला तरी उपयोग नाही. फाइल ४० एमबीची असो की १० ची, पडद्यावर आणताना ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते. ३० कोटी पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे १.२ जीबी मेमरी. फोन तिथेच मान टाकतो. म्हणून चित्राचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, करायच्या आणि त्याही अनेक पातळ्यांवर: पूर्ण आकार, त्याच्या निम्मा, त्याच्याही निम्मा, असं उतरत उतरत. बघणारा जिथे झूम करतो तिथल्याच टाइल मागवल्या जातात. या सगळ्या पातळ्यांनी जागा दुप्पट लागेल असं वाटतं, पण वाढ होते ती फक्त एक तृतीयांशाच्या आसपास.

फोटोशॉपमध्ये सीएस३ आवृत्तीपासून एक्सपोर्टच्या मेनूत झूमिफाय, म्हणजे टाइल पाडून देणारी सोय, आलं आणि जुन्या लेखांत अजून तोच रस्ता सांगितलेला असतो. त्याचा तेव्हाचा व्ह्यूअर फ्लॅशवर चालायचा. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. माझं मत स्पष्ट आहे: एडिटरमध्ये चित्र तयार करा, टाइल मात्र एडिटरच्या बाहेर, वेगळ्या साधनाने पाडा.

एडिटरमधलं काम, फोटोशॉप असो की गिंप, सारखंच. मूळ फाइल बाजूला ठेवून कॉपीवर लेयर फ्लॅटन करा, म्हणजे सगळे थर एकत्र करा. मग रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगपद्धतीत, न्या. इथे ‘कन्व्हर्ट’ निवडायचं, ‘असाइन’ नाही. कन्व्हर्ट केल्यावर पिक्सेलच्या रंगाचे आकडे बदलतात आणि रंग तसाच दिसतो. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि रंग बिघडतो. चित्र १६ बिटचं असेल तर हे आधी करून मगच ८ बिट करा. सिलेक्शन सेव्ह करताना तयार झालेले जास्तीचे अल्फा चॅनल काढून टाका. शार्पन करायचं ते १०० टक्क्यांवर बघून आणि हात राखून. शेवटी टिफ म्हणून सेव्ह करा. जेपेग करू नका, कारण टाइल पाडताना पुन्हा जेपेग होणारच आहे आणि दोनदा दाबलेल्या अक्षरांच्या कडेला मळ दिसतो.

टाइल पाडायला मी लिबव्हिप्स वापरतो. फुकट आहे आणि अख्खं चित्र मेमरीत न घेता काम करतं. टर्मिनलमध्ये व्हिप्सची डीझेडसेव्ह ही आज्ञा द्यायची, पुढे टिफचं नाव आणि मग बाहेर येणाऱ्या संचाचं नाव. काही न सांगता ती डीप झूम पद्धतीचा संच देते: एक छोटी डीझेडआय फाइल आणि शेजारी टाइलचं फोल्डर.

तीन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. पहिली, टाइलचा आकार. मुळात तो २५४ असतो, शिवाय शेजारच्या टाइलवर एक पिक्सेल चढवलेला, म्हणजे झूम करताना जोडावर रेघ दिसत नाही. त्या आकाराने आपल्या नकाशाच्या वरच्या पातळीवरच ७९ गुणिले ६०, म्हणजे ४,७४० टाइल होतात. ५१० केला तर १,२००. सर्व्हरवर फाइल चढवणारा माणूस दुवा देईल. दुसरी, जेपेगचा दर्जा. फोटोला ८० पुरतो, पण नकाशातल्या तांबड्या रेघा फिसकटतात, कारण जेपेग रंगाची माहिती अर्धवट ठेवतो. ९० दिला की लिबव्हिप्स ही काटकसर आपोआप बंद करतं. तिसरी, मेटाडेटा, म्हणजे चित्रासोबत साठवलेली जोडमाहिती. लिबव्हिप्स टाइलमधून ती मुळातच काढून टाकतं, ठेवायला सांगू नका. तिच्यातलं नेहमीचं एसआरजीबी रंग-प्रोफाइल तीन केबीचं, पण २५४ च्या हिशेबात सगळ्या पातळ्या मिळून सहा हजारांवर टाइल होतात. प्रत्येकीत ते गेलं तर २० एमबी नुसती भरताड.

संचाचं नाव रोमन लिपीत, सगळं लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या. मराठी नाव आपल्या मशीनवर छान दिसतं, झिप दुसरीकडे उघडली की कधीकधी त्याचे चौकोन होतात. आणि हो, झिप करूनच चढवा आणि सर्व्हरवर उघडा. हजारो फाइल एकेक करून पाठवत बसलात तर दिवस जाईल.

दाखवायला ओपनसीड्रॅगन. ही मुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. तिला पानावरच्या ज्या चौकटीत चित्र दाखवायचं तिचा आयडी, डीझेडआयचा पत्ता आणि बटणांच्या चित्रांचं फोल्डर एवढं सांगितलं की पुरे. पान थेट डबल-क्लिक करून उघडलंत तर चित्र दिसणार नाही, कारण ब्राउझर डिस्कवरून डीझेडआय वाचू देत नाही. आपल्याच मशीनवर पायथॉनचा छोटा सर्व्हर चालवून तपासा.

टाइल केल्या म्हणजे चित्र कोणी उचलणार नाही, असं मात्र समजू नका. डिझूमिफाय नावाचं साधन सगळ्या टाइल परत जोडून देतं. पूर्ण आकार द्यायचा नसेल तर टिफच लहान करा आणि मग टाइल पाडा.