न्यू जर्सीचं विमा लायसन्स टेक्सासला नेताना

माझे सासरे साताऱ्यात एलआयसीचे एजंट होते. निवृत्तीच्या आधी काही वर्षं ते पुण्यात राहायला आले, पण त्यासाठी त्यांना नवी परीक्षा द्यावी लागली नाही. महाराष्ट्र सोडून इंदूरला गेले असते तरी द्यावी लागली नसती. त्यामुळे २०२२च्या जुलैत नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या प्लेनोला यायचं ठरवलं, तेव्हा ड्रायव्हिंग लायसन्ससारखं माझं विमा विकायचं लायसन्सही तिकडे बदलून मिळेल, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. गेल्या दोन वर्षांत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत निदान चार-पाच जणींनी मला हेच विचारलं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेत विम्याचा कारभार केंद्राकडे नाही, राज्यांकडे आहे. १९४४ साली सुप्रीम कोर्टानं विमा हा आंतरराज्यीय व्यापार असल्याचा निकाल दिला होता. पण पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियमनाचा अधिकार राज्यांकडेच ठेवला. म्हणून प्रत्येक राज्याचं विमा खातं वेगळं आणि लायसन्सही वेगळं. लोक 'ट्रान्सफर' म्हणतात, पण बदली असा प्रकार मुळात नाहीच. जुन्या राज्यातलं तुमचं रेसिडेंट लायसन्स, म्हणजे तिथले रहिवासी म्हणून मिळालेलं, संपतं आणि नव्या राज्यात नवं सुरू होतं. सवलत एवढीच, की वेळेत अर्ज केला तर परीक्षा माफ होते. ही सवलत लहान समजू नका. न्यू जर्सीत मी २०१७ मध्ये एच-फोर ईएडीवर, म्हणजे एच-वन-बीवाल्या नवऱ्यामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर, असताना लायसन्स काढलं, तेव्हा लाइफ आणि हेल्थ मिळून ४० तासांचा कोर्स केला होता आणि पुढे प्रॉपर्टी-कॅज्युअल्टीसाठी, म्हणजे घर-गाडीच्या विम्यासाठी, आणखी ४० तासांचा. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ते सगळं पुन्हा करायची माझी तयारी नव्हती.

(जाता जाता नवख्यांसाठी: एच-वन-बीवर असाल तर जोडधंदा म्हणून विमा विकून कमिशन घेता येत नाही, त्या व्हिसावर काम फक्त स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीचं. परीक्षा पास झालो म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही.)

आता 'वेळेत' म्हणजे किती, तो ९० दिवसांचा नियम. राज्यांच्या विमा आयुक्तांची एनएआयसी नावाची संघटना आहे. तिनं केलेल्या नमुना कायद्यात ९० दिवस दोन ठिकाणी येतात, आणि लोकांचा घोळ नेमका तिथेच होतो. एक, नव्या राज्यात राहायला आल्यापासून ९० दिवसांत रेसिडेंट लायसन्ससाठी अर्ज करायचा. दोन, जुनं लायसन्स आधीच रद्द झालं असेल तर ते रद्द झाल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज आला पाहिजे, आणि रद्द होताना ते स्वच्छ असलं पाहिजे, म्हणजे थकलेलं सीई (लायसन्स टिकवायला करावं लागणारं प्रशिक्षण) नाही, चालू कारवाई नाही. बहुतेक राज्यांनी हा नमुना थोडाफार बदलून घेतला आहे. टेक्सासमध्ये मला परीक्षा माफ झाली ती याच आधारावर. पण तुम्ही ज्या राज्यात चालला आहात तिथल्या खात्याच्या साइटवरचं 'मूव्हिंग टू' असं काही पान असेल तर ते आधी वाचा, कारण काही राज्यं स्थानिक कायद्याचा वेगळा भाग मागतात.

माझ्या ओळखीतली एकजण इथेच चुकली. तिच्याकडे टेक्सासचं नॉन-रेसिडेंट लायसन्स, म्हणजे दुसऱ्या राज्यात राहून इथे विकायचं, आधीपासून होतं. टेक्सासमध्ये विकायची परवानगी आहेच, मग घाई कशाची, असं म्हणून ती घर लावण्यात आणि मुलांच्या शाळांत गुंतली. दरम्यान तिच्या जुन्या राज्यातल्या लायसन्सचं नूतनीकरण राहून गेलं. ते गेल्यावर नॉन-रेसिडेंट लायसन्सही उभं राहिना, कारण नॉन-रेसिडेंट लायसन्स होम स्टेटच्या, म्हणजे राहत्या राज्याच्या, लायसन्सच्या आधारावरच असतं. हे कळेपर्यंत सात महिने उलटले होते. तिला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं आणि मधल्या काळात एकही नवी पॉलिसी करता आली नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मी न्यू जर्सीचं लायसन्स जिवंत ठेवलं. प्लेनोत आल्यावर पहिल्याच आठवड्यात टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि घराचा भाडेकरार हातात घेतला, मग रेसिडेंट लायसन्सचा अर्ज केला. अर्ज एनआयपीआर किंवा सरकॉन या लायसन्सचे अर्ज घेणाऱ्या साइटवरून होतो, टेक्सासची फी ५० डॉलर होती. बोटांचे ठसे वेगळे द्यावे लागतात. न्यू जर्सीत दिलेले ठसे इथे चालत नाहीत, त्यासाठी आयडेंटोगो या ठसे घेणाऱ्या कंपनीच्या केंद्राची वेळ घ्यावी लागते. पूर्वी जुन्या राज्याकडून 'क्लिअरन्स लेटर', म्हणजे लायसन्स स्वच्छ असल्याचं पत्र, कागदावर मागवावं लागे. आता बहुतेक राज्यं राष्ट्रीय डेटाबेसमध्येच तुमचा इतिहास बघतात. टेक्सासचं लायसन्स आल्यावर मगच मी न्यू जर्सीत पत्ता बदलला आणि तिथलं लायसन्स नॉन-रेसिडेंट करून घेतलं. पत्ता कळवायला साधारण ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हे सगळं लांबवण्यात अर्थ नसतो.

माझा अर्ज तीन आठवडे अडकला तो नावामुळे. हे मराठी माणसांनी नीट वाचावं. माझ्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं अशी दोन नावं आहेत. सोशल सिक्युरिटी कार्डावर नवऱ्याचं नाव मिडल नेम म्हणून आलं. न्यू जर्सीच्या विमा लायसन्सवर ते गाळलेलं होतं, टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर दोन्ही नावं फर्स्ट नेममध्ये जोडून आली आणि ठसे देताना मी तेच ओळखपत्र दाखवलं. ठशांचा अहवाल एका नावाचा, अर्ज दुसऱ्या नावाचा. शेवटी विवाहाच्या दाखल्याची प्रत आणि एक पत्र पाठवल्यावर तो मोकळा झाला. तेव्हा इथे आल्यापासूनचा ७१वा दिवस होता. अर्ज वेळेत गेलेला होता म्हणून परीक्षेची सवलत सुरक्षित होती, पण त्या तीन आठवड्यांत मला नीट झोप लागली नाही. निघायच्या आधी सगळी ओळखपत्रं एका टेबलावर मांडा आणि नाव अक्षरनअक्षर जुळवून बघा. तुमचा एनपीएन, म्हणजे नॅशनल प्रोड्यूसर नंबर (प्रोड्यूसर म्हणजे एजंट), मात्र राज्य बदललं तरी तोच राहतो. सगळ्या अर्जांवर तोच लिहा.

लायसन्स आलं म्हणजे लगेच विकता येतं, असंही नाही. कंपनीची अपॉइंटमेंट, म्हणजे तिचा एजंट म्हणून नेमणूक, लागते. न्यू जर्सीत ज्या कंपन्यांसाठी काम करत होते, त्यातल्या दोन कंपन्या टेक्सासमध्ये वाहनविमा करतच नव्हत्या. मी हे आधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. ई अँड ओ (एजंटच्या हातून होणाऱ्या चुकांसाठीचा विमा) पॉलिसीवरचा पत्ता बदला, एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावानं धंदा असेल तर एजन्सीचं लायसन्स वेगळं, हेही लक्षात ठेवा. हेल्थ करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: न्यू जर्सीचं मार्केटप्लेस, म्हणजे आरोग्यविमा घ्यायची सरकारी साइट, राज्याचं स्वतःचं आहे, 'गेट कव्हर्ड एनजे'. टेक्सास मात्र केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्हवर आहे. तिथलं प्रशिक्षण इथे उपयोगाचं नाही, केंद्राची नोंदणी नव्यानं करायची. ती १ नोव्हेंबरच्या आत झाली नाही तर पॉलिसी घ्यायच्या वार्षिक हंगामाचे सुरुवातीचे दिवस हातचे जातात.

जुन्या ग्राहकांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. एडिसन-इझलिनमधल्या कितीतरी कुटुंबांच्या घरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टर्म पॉलिसी समजावल्या होत्या. लायसन्स असताना केलेल्या पॉलिसीचं रिन्युअल कमिशन नमुना कायद्याप्रमाणे पुढेही देता येतं, तुमच्या करारात काय लिहिलंय ते मात्र बघा. पण त्याच घरात नवी पॉलिसी सुचवायची असेल तर तुम्ही कुठे बसून फोन करता याला महत्त्व नाही, ग्राहक कुठे राहतो याला आहे. म्हणून न्यू जर्सीचं नॉन-रेसिडेंट लायसन्स मी आजही चालू ठेवलं आहे. त्यासाठी वेगळं सीई करावं लागत नाही, टेक्सासचे २४ तास पूर्ण केले की तिथे चालतं.

परीक्षा माफ झाली याचा मला आनंद झाला होता, आणि धोका त्यातच होता. न्यू जर्सी नो-फॉल्ट राज्य. अपघात कोणाच्याही चुकीनं होवो, उपचारांचा खर्च आधी स्वतःच्या पीआयपीतून, म्हणजे गाडीच्या पॉलिसीतल्या वैयक्तिक इजेच्या संरक्षणातून. टेक्सासमध्ये चूक ज्याची त्याच्या पॉलिसीवर बोजा. पीआयपी इथेही कंपनीला देऊ करावीच लागते, पण ग्राहक लेखी नकार देऊ शकतो, आणि बरेच जण काय नाकारतोय हे न वाचताच सही करतात. किमान लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीचं संरक्षण, ३०/६०/२५: एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी ६० हजार, मालमत्तेसाठी २५ हजार. फ्रिस्को-प्लेनोच्या रस्त्यांवरच्या गाड्या बघितल्या तर मालमत्तेसाठी २५ हजार किती अपुरे आहेत ते कळेल. हे मला कोणी शिकवलं नाही. परीक्षेची पुस्तकं विकत घेऊन मी ती संध्याकाळी वाचली, परीक्षा द्यायची नसताना.

आणि गारा. जर्सीत असताना मी गारांचा विचारच केला नव्हता. इथे घराच्या पॉलिसीत वारा-गारांचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, आकड्यात नसून बहुधा टक्क्यांत असतं, आणि ते नुकसानीच्या नव्हे, घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत. पहिल्याच वसंतात नवऱ्याच्या ऑफिसमधले एक जण पॉलिसी घेऊन आले. पॉलिसी दुसऱ्या कोणीतरी केलेली. छपराचा अंदाज १४ हजार डॉलरचा, घराचा विमा ५ लाखांचा, डिडक्टिबल २ टक्के. म्हणजे पहिले १० हजार त्यांचे. 'दोन टक्के म्हणजे १४ हजारांचे दोन टक्के ना?' असं त्यांनी मला दोनदा विचारलं. तेव्हापासून मी कोणाच्याही घराची पॉलिसी करताना कागदावर टक्के लिहीत नाही. डॉलरमधला आकडा लिहिते, त्याखाली रेघ ओढते आणि नवरा-बायको दोघांनाही तो मोठ्यानं वाचायला लावते.