टाउन सेंटरच्या सुपरमार्केटात गाडी लावताय? यूकेत नवीन आलेल्यांनी हे आधी वाचा

यूकेत आल्यावर गाडी घेतलेल्या आमच्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या वर्षात एक तरी पीसीएन, म्हणजे पार्किंगचे पैसे मागणारी नोटीस, आलाय आणि तो पोलिसांचा नाही, कौन्सिलचा पण नाही, दूध-ब्रेड आणायला गेलेल्या सुपरमार्केटच्या पार्किंगचा. मला पण आलाय, ते पुढे सांगतो. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे बरं का, स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

गावाबाहेरच्या मोठ्या स्टोअरला सहसा दोन-तीन तास फुकट असतात, तिथे फारसा त्रास नाही. टाउन सेंटरला स्टेशन जवळ, ऑफिसं जवळ, लोक गाडी लावून दिवसभर गायब होतात, म्हणून तिथे नियम कडक. कुठे ठरावीक वेळ फुकट आणि त्यानंतर थेट चार्ज, मध्ये पैसे भरून वेळ वाढवायची सोयच नाही. कुठे आधी मशीनवर तिकीट काढायचं आणि आत अमुक पाउंडांची खरेदी केली की टिलवर ते पैसे परत, पण मागितले तरच, कॅशियर स्वतःहून विचारेलच असं नाही. आणि कुठे आत एक टॅबलेट ठेवलेला असतो त्यावर गाडीचा नंबर टाकायचा, नाही टाकला तर तुम्ही ट्रॉलीभर सामान घेतलं तरी सिस्टीमच्या लेखी गिऱ्हाईक नाही.

त्या टॅबलेटवर लोक ओ आणि शून्यात गंडतात, कारण नंबर प्लेटवर दोन्ही सारखेच दिसतात. २००१ नंतरच्या नेहमीच्या प्लेटवर पहिली दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग तीन अक्षरं असतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जागी गोल दिसला तर तो शून्य, बाकी कुठेही ओ. चुकलंच तर घाबरू नका, एखादं अक्षर इकडेतिकडे झालं असेल तर अपील केल्यावर पार्किंग चालवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे चार्ज रद्द करायचा असतो. फक्त पावती जपून ठेवा.

गाडीतून उतरलात की बोर्डाजवळ जा आणि फोटो काढा. लांबून फक्त 'फ्री पार्किंग' दिसतं, 'दोन तासांत परत येऊ नये' हे खाली मुंगीएवढ्या अक्षरात असतं. स्टोअर बंद असताना पार्किंग बंद असंही काही ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असला तरी बोर्ड वाचाच, कौन्सिलच्या रस्त्यावरची सवलत खासगी जागेत आपोआप लागू होत नाही.

आणि वेळ मोजतो तो नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा, एएनपीआर म्हणतात त्याला. तुम्ही गाडी लावली तेव्हापासून नाही, गेटातून आत आलात तेव्हापासून ते बाहेर पडेपर्यंत. शनिवारी जागा शोधत फिरलात, बाहेर पडायला लाइनीत थांबलात, ते सगळं धरून. वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सवलत द्यावी लागते पण ती हिशोबात धरून खरेदी करू नका.

आता माझी गोष्ट. सकाळी ऑफिसला जाता जाता दूध घ्यायला दहा मिनिटं थांबलो, संध्याकाळी परत त्याच ठिकाणी भाजीला. आठवड्याभराने पत्र आलं, दोन फोटो, एक सकाळी ८:४७ ला आत येतानाचा, एक संध्याकाळी ६:२८ ला बाहेर पडतानाचा, आणि खाली लिहिलंय मुक्काम ९ तास ४१ मिनिटं! मधलं बाहेर पडणं आणि परत येणं कॅमेऱ्याने पकडलंच नव्हतं, सकाळी माझ्या मागे चिकटून एक व्हॅन होती, बहुतेक तिच्यामुळे नंबर दिसला नसेल. बँकेच्या ॲपमधले दोन व्यवहार आणि दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी होती त्याची नोंद जोडून पाठवली, तीन आठवड्यांनी रद्द झालं.

पत्र आलं की आधी ते कोणाचं ते बघा. कौन्सिलचा पीसीएन म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस, तो खरा दंड. खासगी कंपनीचा पीसीएन म्हणजे पार्किंग चार्ज नोटीस, ते करार मोडल्याचं बिल आहे, छपाई मुद्दाम सारखी वाटावी अशी असते. पण म्हणून फाडून फेकू नका. 'प्रायव्हेटवाले काही करू शकत नाहीत' हा सल्ला जुना झाला, चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तासांची मर्यादा ओलांडणाऱ्याचे ८५ पाउंड सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये योग्य ठरवलेत. आता जास्तीत जास्त १०० असतात, १४ दिवसांत भरले तर ६०.

मग तारीख बघा. काचेवर काही चिकटवलं नसेल आणि नुसतं कॅमेऱ्यावरून पत्र आलं असेल तर ते १४ दिवसांच्या आत पोचायला लागतं, म्हणजे १ तारखेची घटना असेल तर १५ पर्यंत. उशिरा आलं तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ड्रायव्हर कोण होतं हे माहीत नसताना गाडीच्या नोंदणीवर नाव असलेल्या माणसाकडून ते वसूल करता येत नाही. म्हणून अपिलात 'मी गाडी लावली' असं लिहायचं नाही, 'गाडी लावली गेली' असं लिहायचं. खोटं बोलू नका, फक्त न विचारलेलं सांगू नका.

अपील लिहिण्याआधी पावती घेऊन स्टोअरच्या कस्टमर सर्व्हिसला जा आणि मॅनेजरला गाठा, पार्किंग कंपनी ती जागा त्यांच्यासाठी चालवते त्यामुळे बऱ्याचदा तेच एक ईमेल करून रद्द करून टाकतात. नाही झालं तर कंपनीकडे २८ दिवसांत अपील, त्यांनी नाकारलं तर पोपला किंवा आयएएस या कंपनीबाहेरच्या अपील सेवांकडे, कोणती ते कंपनी कोणत्या पार्किंग संघटनेची आहे त्यावर ठरतं. फी काही नाही, पण तिथे हरलात तर सहसा ६० पाउंडांत सुटायची सवलत गेलेली असते, तेव्हा केस खरंच दमदार आहे का ते आधी बघा. नुसतं 'मला माहीत नव्हतं' वर कोणी सोडत नाही.

डेट कलेक्टरची लाल अक्षरातली पत्रं आली तर ते बेलिफ नाहीत, दारात येऊन काही उचलून नेऊ शकत नाहीत. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर मात्र त्याच दिवशी बसून उत्तर द्यायचं, मुदत १४ दिवसांची असते, फॉर्म मिळाल्याची कोर्टाकडे नोंद केली तर २८.

आणि घर बदललं की व्ही५सी (गाडीच्या नोंदणीचं कागद) वरचा पत्ता डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याच्या साइटवर लगेच बदला, फुकट आहे. कंपनी पत्ता तिथूनच घेते. जुन्या घरी पत्रं पडून राहतात, कोर्टाचा फॉर्म पण तिथेच जातो, उत्तर नाही म्हणून सीसीजे, म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा निकाल, लागतो, आणि तो एका महिन्यात भरून टाकला नाही तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर बसतो. आमच्या एका मित्राला हे मॉर्गेजच्या अर्जाच्या वेळी कळलं, गाडी कुठे लावली होती ते त्याला आठवत पण नव्हतं.